नाण्याचा देश कोणता?

मनुष्यास जी निरुपद्रवी व्यसने जडतात, त्यांत नाणी जमविण्याच्या व्यसनास बरेच वरचे स्थान दिले पाहिजे. पैसा साठविण्याची इच्छा कोणास नसते? परंतु जो पैसा बाजारात चालत नाही तोच हुडकून आणावा आणि त्यासाठी चालणारा पैसा खर्ची घालावा, हा उलटा व्यवहार नाणेसंग्राहकच करू जाणे. घरातील वडील मंडळी अशा मुलाकडे प्रथम कौतुकाने, पुढे काळजीने आणि अखेरीस ‘असो, याहून वाईट नाद नाही ना’ अशा समाधानाने पाहतात. आम्हीही लहानपणी या नादास लागलो होतो व त्यातून अद्यापि पुरते सुटलेलो नाही, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे.

गेल्या दिवाळीत आमचा मुक्काम छत्रपती संभाजीनगरास एका जुन्या स्नेह्यांच्या घरी होता. हे शहर १६१० साली मलिक अंबराने वसविले तेव्हा त्याचे नाव खडकी होते. १६५३ साली ते औरंगाबाद झाले आणि २०२३ साली त्यास सांप्रतचे नाव मिळाले. नावांचा हा फेरा पुढे आमच्या विषयात येणार असल्यामुळे येथेच नमूद करून ठेवतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्नेह्यांच्या मातोश्रींनी देवघरातला तांब्याचा डबा बाहेर काढला. त्यात त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचे अकरा हाली रुपये असतात. वर्षातून एकदा ते पाटावर मांडून त्यांस हळदकुंकू वाहावयाचे आणि पाडव्यास पुन्हा डब्यात ठेवावयाचे, असा त्या घरचा परिपाठ आहे.

स्नेह्यांचे धाकटे चिरंजीव सोळा वर्षांचे असून त्यांनी दोन वर्षांत पन्नास देशांची नाणी जमविली आहेत. पूजा आटोपल्यावर त्यांनी आम्हांस आपली वही दाखविली व विचारले, “काका, पन्नास देश झाले. आता पुढचे कोणते घेऊ?” आणि लागलीच आपली योजनाही सांगितली. डब्यातले अकराही रुपये एकाच छापाचे. त्यांतला एक ठेवला म्हणजे ‘हैदराबाद’ हा एक देश वहीत लागला. राहिलेल्या दहांच्या बदल्यात एक व्यापारी शंभर देशांच्या नाण्यांचे पाकीट द्यावयास तयार आहे. दहा देऊन शंभर येतात! हिशेबात कोठे चूक नव्हती. वडिलांची हरकत नव्हती. आजीबाई मात्र “पूजेतला पैसा घराबाहेर घालवू नये” एवढेच म्हणत राहिल्या. त्याचे कारण त्यांस सांगता येईना, आणि कारणावाचूनचा निषेध तरुण मनुष्य कसा मानणार? निवाडा आमच्यावर आला. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पुढील मजकूर म्हणजे त्या निवाड्याचीच कारणे होत.

संग्रहासाठी देश निवडण्याचे जे मार्ग सर्रास सांगितले जातात ते तीन-चारच आहेत. कोणी म्हणतात, पृथ्वीवरील प्रत्येक देशाचे एकेक नाणे मिळवावे. कोणी म्हणतात, एकच देश घेऊन त्याचे प्रत्येक साल, प्रत्येक टांकसाळ पुरी करावी. कोणास पशुपक्ष्यांची चित्रे असलेली नाणी आवडतात, तर कोणी केवळ खिशाकडे पाहून जे स्वस्त ते घेतात. यांपैकी कोणताही मार्ग त्याज्य आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु या सर्वांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, नाण्यावर ज्या राजाचे वा राष्ट्राचे नाव, त्याच देशाचे ते नाणे. हे गृहीत कितपत खरे आहे, ते प्रथम पाहिले पाहिजे.

ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० साली वारली. तिच्या मुद्रेचा रुप्याचा ‘थालेर’ अरबस्तानात व हबसाणात इतका पतीचा ठरला की, राणी गेल्यावरही तोच मुखवटा आणि तेच १७८० साल घालून तो पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पाडला जात होता. तेथील व्यापाऱ्यांस दुसरे नाणे नको होते, आणि ऑस्ट्रियाच्या राणीशी त्यांस काही कर्तव्यही नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर आमच्या मुंबईच्या टांकसाळीनेही हे थालेर पाडले. आता मुंबईत घडलेले, व्हिएन्नाच्या राणीचे, हबसाणच्या बाजारात चाललेले हे नाणे आमच्या तरुण मित्राने वहीच्या कोणत्या पानावर लावावे? नाणे हे राजाच्या नावाने जन्मते खरे; परंतु ते ज्या बाजारात वाजवून घेतले जाते तेथेच त्याचे आयुष्य जाते. माणसाचे गाव ठरविताना आपण जन्मस्थान पाहतो तसे बिऱ्हाडही पाहतो. नाण्याविषयीही तोच न्याय लावला पाहिजे.

हा न्याय लावून पाहण्यास आमच्या स्नेह्यांच्या शहराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. एका बाजूस पैठण, दुसऱ्या बाजूस देवगिरी, मध्ये खुद्द शहर. दोन हजार वर्षांत येथील बाजारातून जितक्या राज्यांचा पैसा गेला तितकी राज्ये मुलांस शाळेत पाठ करावयास लावली तर ती रडू लागतील.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. या राजांच्या पराक्रमाविषयी सर्वांत बोलकी साक्ष देणारी नाणी मात्र पैठणास न सापडता नाशिकजवळ जोगळटेंभी या गावी १९०६ साली सापडली. चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा तो ठेवा होता. सर्व नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची. एका अंगास राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या अंगास बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरांत राजाचे नाव. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली तेव्हा असे दिसून आले की, यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाकाडोळ्यांवरच तीन कमानींचा डोंगर उठविला आहे आणि पाठीस उज्जयिनीचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता बलश्री हिचा जो लेख आहे त्यात, माझ्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असे ती सांगते. आईने केलेली मुलाची स्तुती म्हणून कोणी तिकडे संशयाने पाहिले असते; परंतु या नऊ हजार ठशांपुढे संशयास जागा उरत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, या नाण्यास एकच देश देता येत नाही. ते नहपानाचे म्हणावे तर वर गौतमीपुत्र बसला आहे. गौतमीपुत्राचे म्हणावे तर खालून नहपान डोकावतो आहे. त्याचा सारा अर्थ या दुहेरीपणात आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा ठेवा एखाद्या ‘देशास एक नाणे’ या पंथाच्या गृहस्थाच्या हाती पडला असता, तर त्याने दोन चांगली नाणी ठेवून तेरा हजार वाटून टाकली असती. नऊ हजारांवर शिक्का आणि चार हजार तसेच, हे प्रमाण मग कोणास कळले असते? एका नाण्यावरचा दुसरा ठसा ही केवळ मौज ठरली असती. नऊ हजारांवरचा ठसा हे राज्य पालटल्याचे प्रमाण ठरले. अशीच गोष्ट १९३९ साली वऱ्हाडात, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे घडली. तेथे सातवाहनांच्या हलक्या मिश्रधातूच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा ठेवा निघाला. दिसण्यास ती नाणी अगदी सामान्य; पण महामहोपाध्याय मिराशी यांनी ती एकेक वाचली तेव्हा पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ, कर्ण व शक असे सातकर्णी राजे उजेडात आले. एकसारख्या दिसणाऱ्या नाण्यांच्या ढिगात राजे हरवलेले असतात ते असे.

पैठणाहून देवगिरीस यावे तो मध्ये हजार वर्षे लोटलेली असतात. यादवांचे सोन्याचे पद्मटंक ज्यांनी पाहिले असतील त्यांस त्यांचे वेगळेपण सांगावयास नको. किंचित वाटीसारखे खोलगट, वजनाने तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मध्ये कमळ आणि सभोवार निरनिराळे ठसे एकेक करून मारलेले, त्यांत शंख आणि नागरी अक्षरांत राजाचे नाव. सिंघण, महादेव, रामचंद्र ही नावे आपण इतिहासात वाचतो. येथे ती सोन्यावर बोट ठेवून वाचता येतात. या नाण्यांचा देश कोणता, याविषयी तरी वाद नसावा. परंतु १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि येथील सोने दिल्लीस गेले. त्याच दिल्लीच्या टांकसाळीत ठक्कुर फेरू नावाचा एक जैन अधिकारी होता. त्याने १३१८ साली, म्हणजे देवगिरीचे राज्य दिल्लीने अखेर गिळले त्या सुमारास, ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहिला व त्यात देशोदेशीच्या नाण्यांत सोने-रुपे किती असते याचा तपशील दिला. देशोदेशीची नाणी एके ठिकाणी मांडण्याचा हा आमच्याकडचा फार जुना प्रयत्न होय. मात्र त्याचा हेतू नाणी राखण्याचा नव्हता. मुशीत घालण्यापूर्वी त्यांची किंमत जाणणे हा होता. संग्राहक आणि सराफ हे दोघेही नाण्याची पारखच करतात. अंतर इतकेच की, एकाची पारख संपली म्हणजे नाणे राहते आणि दुसऱ्याची संपली म्हणजे धातू राहतो.

पुढे १३२७ साली मुहंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी नेली, आणि दोन-तीन वर्षांनी पितळेच्या व तांब्याच्या तुकड्यास रुप्याच्या टंकाची किंमत देण्याचा आपला प्रसिद्ध प्रयोग केला. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराचीच पाळतो, अशा अर्थाचे शब्द त्या नाण्यांवर घातले होते. रुप्याच्या नाण्यास अशा उपदेशाची गरज कधी पडली नव्हती! समकालीन इतिहासकार बरनी लिहितो की, घरोघर टांकसाळी निघाल्या. अखेर सुलतानास हा पैसा मागे घ्यावा लागला आणि खजिन्यातून त्याच्या बदली सोने-रुपे मोजावे लागले. दौलताबादच्या टांकसाळीचे नाव असलेली अशी नाणी आजही पाहावयास मिळतात. त्यांवर राज्य दिल्लीचे, गाव आमचे आणि धातू कसल्याही मोलाचा नाही. तरी त्या पितळेच्या तुकड्याइतका राजाच्या हुकमाची मर्यादा शिकविणारा दुसरा धडा आम्हांस ठाऊक नाही.

आता खुद्द शहराकडे वळू. मोगल अमदानीत येथे टांकसाळ होती व तिच्या रुपयांवर प्रथम औरंगाबाद हे नाव येई. अठराव्या शतकात त्याऐवजी ‘खुजिस्ता बुन्याद’, म्हणजे शुभ पायावर उभारलेले, हे शहराचे बिरुद येऊ लागले. १७२४ साली निजामुल्मुल्क दक्षिणेत वस्तुतः स्वतंत्र झाला. परंतु नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचेच राहिले. हे नाव निजामाच्या राज्यात १८५७ पर्यंत चालले! मराठ्यांच्या मुलखातही हीच तऱ्हा होती. चांदवडच्या टांकसाळीतील रुपयावर शहाआलमचेच नाव असे. आणि इंग्रजांच्या कंपनीनेही १८३५ पर्यंत बादशहाच्या नावानेच रुपये पाडले. ज्या बादशहास दिल्लीबाहेर कोणी विचारीत नव्हते, त्याचे नाव तेवढे निजाम, मराठे आणि इंग्रज या तिघांच्या थैल्यांत सारखेच खुळखुळत होते. कारण रयत नाव वाचून पैसा घेत नसे, सवयीने घेत असे. आणि नाव बदलल्यास बट्टा बसेल ही भीती राजांसही होती. या पार्श्वभूमीवर शिवरायांच्या तांब्याच्या पैशाकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’; ना बादशहाचे नाव, ना फारसी अक्षर. एवढ्या थोड्या अक्षरांत एवढी मोठी गोष्ट सांगणारे नाणे मिळणे कठीण.

असे फिरत फिरत आपण पुन्हा त्या तांब्याच्या डब्यापाशी येतो. १८५७ नंतर निजामाने बादशहाचे नाव काढून आसफजाहाचे घातले. शिरोभागी ९२ हा आकडा असे. अक्षरांच्या अंकगणनेप्रमाणे तो पैगंबरांच्या नावाचा आकडा होय. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्राने पाडलेला चारमिनारचा रुपया आला. हाली म्हणजे ‘चालू’. इंग्रजी रुपयास त्याच्या जोडीने कलदार म्हणत. भाव ठरलेला: सात हाली म्हणजे सहा कलदार. हा भाव कोणाच्या लहरीने ठरला नव्हता. कलदारात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम आणि हालीत सुमारे ९.१, भागाकार करून पाहावा, सातास सहा हेच प्रमाण येते. मनमाडच्या बाजूस इंग्रजी मुलूख लागे, तेव्हा मराठवाड्यातील व्यापाऱ्यास दोन्ही हिशेब तोंडपाठ ठेवणे भाग होते.

१९१८ साली या संस्थानाने कागदी चलनाचा कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कानडी या रयतेच्या भाषांतही रकमेचा उल्लेख असे. या नोटा विलायतेत छापल्या जात. १९२२ सालच्या मे महिन्यात ‘इजिप्त’ नावाची आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बुडाली, तेव्हा तिच्यावरील सोन्याचांदीबरोबर हैदराबादच्या नोटाही समुद्रतळास गेल्या. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने वर काढले, त्याबरोबर या भिजलेल्या नोटाही वर आल्या. आज संग्राहक त्या मोठ्या आवडीने घेतात. ज्या नोटेने एक दिवसही बाजार पाहिला नाही, तिला बाजारात फिरून झिजलेल्या नोटेपेक्षा अधिक मोल यावे, हाही या छंदाचा एक विनोदच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा स्वतंत्र कारभार संपला. हाली नाणे मात्र एका दिवसात गेले नाही. काही वर्षे ते भारतीय रुपयाच्या जोडीने, त्याच सातास सहा या भावाने चालत राहून मग हळूहळू दिसेनासे झाले. देश आधी गेला आणि पैसा मागून गेला.

एवढे पाहिल्यावर आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे होते. संग्रहासाठी देश निवडताना नकाशा पुढे न घेता आपल्या गावचा बाजार पुढे घ्यावा. या मातीत कोणाकोणाचा पैसा चालला, तो कोठून आला, कोणी घेतला, कोणी नाकारला, कोणी त्यावर पुन्हा शिक्का मारला, या प्रश्नांची उत्तरे म्हणून जी नाणी लागतील ती जमवावी. शंभर देशांचे पाकीट हे शंभर उत्तरांचे पाकीट आहे. परंतु त्यांतील एकही प्रश्न आपण विचारलेला नसतो.

यावर कोणी म्हणेल, ही दृष्टी फार संकुचित झाली. मुलांस जगाची ओळख कशी व्हावयाची? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. परदेशी नाण्यांवरून भूगोल कळतो, लिप्या कळतात, हे खरेच आहे. आमच्या मित्रास युरोपच्या समाईक चलनाची नाणी एका अंगास सारखी व दुसऱ्या अंगास देशपरत्वे निराळी कां, हे आम्हांहून चांगले ठाऊक होते. परंतु गावच्या बाजारातून निघाले म्हणजे जग दूर राहते, ही समजूत चुकीची आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात पैठण व तेर या दोन्ही गावांची नावे घेतली आहेत. भडोच बंदराहून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे असे तो लिहितो, आणि रोमन सोन्यारुप्याची नाणी त्या बंदरात स्थानिक पैशाशी बदलल्यास नफा होतो, हेही सांगावयास विसरत नाही. म्हणजे पैठणचा प्रश्न विचारला की रोम आपोआप दारी येते. आणि व्हेनिस तर कित्येकांच्या घरातच आहे! आपल्याकडील बायकांच्या अंगावर जी पुतळ्यांची माळ असे, त्यांतली पुतळी हे मुळात व्हेनिसचे सोन्याचे डुकाट नाणे. १२८४ पासून १७९७ पर्यंत, पाचशे वर्षांहून अधिक काळ, जवळजवळ निर्भेळ सोन्याचे हे नाणे एकाच नमुन्याने पाडले गेले. त्यावर ध्वजापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि त्यांचा संत असे. आपल्या लोकांस ते कोण हे ठाऊक नव्हते. त्यांनी ‘पुतळी’ हे नाव दिले आणि सोनाराकडून गळ्यात बांधून घेतले. आमच्या मित्राच्या वहीतील पन्नास देशांत इटली होते, पण ते अलीकडच्या नाण्याचे. आजीच्या माळेची आठवण त्यास झाली नव्हती.

गावापासून आरंभ करण्याचा हा मार्ग आम्ही नवा काढलेला नाही. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे हे काही विद्यापीठातले पंडित नव्हते. गावच्या पांढरीत पावसाळ्यानंतर जे उघडे पडे ते त्यांनी वर्षानुवर्षे वेचून जपले. पैठणचे बाळासाहेब पाटील यांनी आपल्या गावी तेच केले. या दोघांच्या संग्रहांची आज शासकीय वस्तुसंग्रहालये झाली असून सातवाहनकाळाचा अभ्यास करणारास ती टाळून जाता येत नाही. त्यांनी जगातील देश मोजीत बसण्याऐवजी आपल्या पायाखालची जमीन पाहिली, आणि जगातील विद्वान त्यांच्या गावी आले. या वस्तूंस जे मोल आले ते त्या कोठे सापडल्या हे पक्के ठाऊक होते म्हणून. तेच नाणे पाकिटात घालून गावाचे नाव पुसले की, त्याचे निम्मे बोलणे बंद होते.

यावरून ओघाने येणाऱ्या काही सूचना नवशिक्या संग्राहकांस करून ठेवतो. नाणे कोठून, कोणाकडून, केव्हा आले हे त्याच दिवशी वहीत लिहावे. नाण्यापेक्षा ती ओळ मिळणे अधिक दुर्लभ असते. जुने नाणे चिंच किंवा राख लावून लखलखीत करू नये; अक्षरे झिजतात ती पुन्हा येत नाहीत. शिवकालीन होन म्हणून कोणी सोन्याचे नाणे स्वस्तात देऊ लागला तर ते बहुधा कालचे असते. जमिनीत पुरलेला जुना ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. ती टाळून शेतकऱ्याकडून मूठमूठ नाणी घेणारा संग्राहक जोगळटेंभीसारखा इतिहास मुळातच मारून टाकतो. शंभर वर्षांपलीकडची नाणी परवान्यावाचून देशाबाहेर पाठविण्यास १९७२ च्या कायद्याची बंदी आहे. आणि नोटा जमविणारांनी हेही ध्यानात ठेवावे की, २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा दहांपर्यंत, आणि अभ्यास वा संग्रहाच्या कारणास्तव पंचवीसपर्यंतच बाळगण्याची मुभा २०१७ च्या कायद्याने ठेवली आहे. तुघलकाच्या पितळेच्या पैशास सहा-सातशे वर्षे झाली तरी चलन रद्द होणे आणि त्याचा संग्रह होणे या गोष्टी अशा पाठोपाठ चालतच आहेत.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा स्नेह्यांकडे गेलो. निवाडा वाचून दाखविण्यापूर्वी आम्ही तो डबा मागितला आणि मुलास म्हटले, “अकराही एकाच छापाचे आहेत ना? मग एकदा भिंग घेऊन पाहा.” त्याने एकेक रुपया उजेडाखाली धरला. पहिली काही मिनिटे तो केवळ आमचा मान राखीत होता. मग एक रुपया त्याने बाजूस ठेवला. त्यावर चारमिनार नव्हताच, नुसती फारसी अक्षरे आणि वर ९२ चा आकडा. उरलेल्या दहांत चारमिनारच्या कमानीत एकच अक्षर असते, ते त्याने प्रथमच पाहिले. तिघांत ते ‘मीम’ होते, सातांत ‘ऐन’. मीम म्हणजे महबूब अली खान, ऐन म्हणजे त्याचा पुत्र उस्मान अली खान. मुलगा सालेही वाचू लागला. हिजरी सालांचे गणित जमेना म्हणून त्याने कागद घेतला.

त्याचे वडील जवळच बसले होते. ते म्हणाले, “यांत कोठले साल कोठे येते ते पाहू. आजोबांनी सावकारी सोडली ते साल आईस ठाऊक असेल.” मग आजीबाईंस हाक गेली. त्या हात पुसत आल्या आणि कोणता रुपया कोणाच्या लग्नात आला, कोणता मनमाडहून परतताना मोडावयाचा राहून गेला, हे सांगू लागल्या. काही आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि आजीबाईंस त्याची फिकीर नव्हती. मुलगा सगळे वहीत उतरून घेत होता. ‘हैदराबाद’ या एका ओळीसाठी ठेवलेले पान भरून तो पुढच्या पानावर गेला होता. निवाड्याचा कागद आमच्या खिशातच राहिला, आणि तो बाहेर काढण्याचे आम्हांस कोणी म्हटलेही नाही.